जुन्या निगेटिव्हवरून भिंतीएवढे छायाचित्र: कसे आणि कशावर करून घ्यावे?

नागपूरकन्या (प्रश्न)

नमस्कार. आमचे मूळ घर नागपूरच्या महाल भागातले. तो वाडा पाडून आता तिथे इमारत उभी आहे आणि आम्ही त्रिमूर्तीनगरातल्या फ्लॅटमध्ये राहतो. वाड्याच्या चौकाचे एक कृष्णधवल छायाचित्र आजोबांनी त्यांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढले होते. मधोमध तुळशीवृंदावन, मागे माडीचा लाकडी कठडा आणि त्यावर वाळत टाकलेले लुगडे, उजवीकडे विहिरीचा रहाट आणि चौकटीच्या अगदी तळाशी सुपात गहू पाखडत बसलेली आजी, असे ते दृश्य आहे. आजीची आकृती चौकटीच्या उंचीच्या साधारण पाचव्या भागाएवढी आहे. घरातली बाकीची छायाचित्रे लग्नामुंजींतली आहेत आणि त्यांत वाडा माणसांच्या गर्दीमागे कुठेतरी डोकावतो. वाडा म्हणून वाड्याचे छायाचित्र हे एवढेच. ते दिवाणखान्याच्या एका संपूर्ण भिंतीवर मोठे करून लावावे, असे मी आणि माझ्या भावाने ठरवले आहे.

भिंत १३ फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे. तिला टेकून सोफा आहे आणि समोरच्या दिवाणावर बसले की ती सुमारे ८ फुटांवर येते. अल्बममधली प्रत जेमतेम सव्वादोन इंचांची, चौरस आहे. तिचा मोबाइलवर फोटो काढून मी दोन दुकानांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. एका दुकानदाराने ‘होऊन जाईल’ म्हणून फ्लेक्सचा दर सांगितला. दुसऱ्याने फाइल लहान असल्याचे सांगून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सॉफ्टवेअरने ती वाढवून दिली आणि नमुना पाठवला. त्या नमुन्यात सारे काही लख्ख दिसते, लुगड्याचे काठसुद्धा दिसतात, परंतु आजीचा चेहरा पाहून आम्ही दोघेही गप्प झालो, कारण ती कोणीतरी दुसरीच म्हातारी वाटते.

दरम्यान आजोबांच्या ट्रंकेत कागदी पाकिटांत ठेवलेल्या निगेटिव्ह सापडल्या आहेत आणि त्यांत ही निगेटिव्हही आहे. काही पाकिटांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. या निगेटिव्हवरून एवढे मोठे काम होऊ शकेल का, ते वॉलपेपरवर करावे की व्हिनाइलवर, आणि चौरस छायाचित्र आडव्या भिंतीवर कसे बसवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. शेजारच्या खिडकीत उन्हाळ्यात कुलर बसतो, हेही सांगून ठेवते.

डार्करूम

ताई, निगेटिव्ह सापडली हे फार चांगले झाले. अल्बममधल्या प्रतीवरून किंवा तिच्या मोबाइल फोटोवरून हे काम करायचे नाही, एवढे आधी पक्के करून टाका.

हिशेब सोपा आहे. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखता येतो. त्यावरून निघणारे सूत्र असे की डोळा आणि भिंत यांच्यातले अंतर इंचांत मोजायचे आणि ३,४३८ ला त्या आकड्याने भागायचे. जे उत्तर येईल तेवढे पिक्सेल दर इंचाला असले की चित्र डोळ्याला सलग दिसते. ८ फुटांवरून पाहायचे असेल तर ३६ पिक्सेल पुरतात, ६ फुटांवरून ४८ लागतात आणि ३ फुटांवरून ९५. दुकानात सगळीकडे ३०० डीपीआयचा, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांचा, आग्रह धरला जातो, पण तो हातात धरून पाहायच्या छपाईचा आहे. भिंतीला त्याची गरज नाही आणि एवढ्या मोठ्या मापाला तो बहुधा मिळतही नाही.

आता तुमच्याजवळ काय आहे ते पाहू. व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या पाठवणीत फोटोची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर येते आणि त्यातून चौरस कापला की १,२०० उरतात. ते ९ फुटांवर पसरले की दर इंचाला ११ पिक्सेल पडतात. सव्वादोन इंचांची प्रत ६०० डीपीआयवर स्कॅन केली तरी १,३५० पिक्सेलच मिळतात. त्याहून वर गेलात तर बहुतेक करून कागदाचा पोत आणि ओरखडेच अधिक स्वच्छ दिसू लागतात. याउलट क्लिक थ्रीमध्ये १२० क्रमांकाची फिल्म बसते आणि एका रोलवर १२ चौरस चित्रे येतात. त्यातल्या प्रत्येक चित्राची बाजू सुमारे ५६ मिलिमीटर असते. ती २,४०० डीपीआयवर स्कॅन केली की जवळजवळ ५,३०० पिक्सेलचा चौरस हाती येतो, म्हणजे ९ फुटांवर दर इंचाला ४९ पिक्सेल. तुमचा दिवाण ८ फुटांवर आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही.

यात एक अट मात्र आहे. क्लिक थ्रीचे भिंग अगदी साधे असून मध्यभागी बऱ्यापैकी धारदार आणि कोपऱ्यांत मऊ चित्र देते. म्हणून ४,८०० किंवा ६,४०० डीपीआयवर स्कॅन करून देतो असे कोणी म्हटले तर त्या आकड्याला भुलू नका. भिंगाने जे टिपलेच नाही ते स्कॅनर कुठून आणणार? शिवाय फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर छापलेला आकडा आणि प्रत्यक्षात सुटणारा तपशील यांत बरेच अंतर असते. तुमची आजी चौकटीच्या तळाशी आहे. ती कोपऱ्यात असेल तर थोडी मऊ येईल, तळाशी पण मधोमध असेल तर बरी येईल.

स्कॅनर निवडताना त्याच्या झाकणातही दिवा आहे ना, हे विचारा. कागदपत्रांच्या साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह होत नाही. धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेडची सोय बंद ठेवायला सांगा, कारण कृष्णधवल फिल्मवरचे चित्र चांदीच्या कणांचे असते आणि ते कणच धूळ समजून पुसले जातात. फिल्म काचेला थेट टेकली तर इंद्रधनुषी वलये उमटतात, म्हणून तिला होल्डरमध्येच बसवायला हवे. फाइल टिफ स्वरूपात, १६ बिट ग्रेस्केलमध्ये घ्या आणि ती पेनड्राइव्हवरूनच न्या-आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे अटळच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आंबूस वास ही अ‍ॅसिटेट फिल्म विघटित होऊ लागल्याची खूण आहे. त्या वासाची पाकिटे आजच बाकीच्यांपासून वेगळी करा, कारण एका फिल्ममधून निघणारे आम्ल शेजारच्या फिल्मलाही लागते. त्यांतले जे हवे असेल ते आधी स्कॅन करून घ्या आणि सारा संग्रह पत्र्याच्या ट्रंकेतून काढून घरातल्या त्यातल्या त्यात थंड व कोरड्या खोलीत ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात माळ्यावरची ट्रंक म्हणजे निगेटिव्हसाठी भट्टीच.

भिंत आणि प्रकाश

मी घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करते, त्यामुळे वरच्या उत्तरातील गणित सोडून भिंतीकडे वळते.

ताई, तुमच्या वर्णनातील एक गोष्ट मला सर्वांत आधी खटकली. आजी चौकटीच्या तळाशी बसलेली आहे आणि भिंतीला टेकून सोफा आहे. सोफ्याची पाठ साधारण ३ फूट उंच असते. ९ फूट उंचीचे चित्र जमिनीपासून लावले तर त्याचा खालचा तिसरा भाग सोफ्यामागे जाईल, आणि ज्या आजीसाठी हा सगळा खटाटोप आहे तीच दिसणार नाही. आडव्या भिंतीसाठी चित्र कापावे म्हटले तर १३ फुटांच्या रुंदीला ९ फुटांची उंची ठेवताना चौरसाचा जवळजवळ तिसरा भाग सोडावा लागतो, म्हणजे एकतर माडीचा कठडा जातो किंवा आजी जाते. काही ठिकाणी चित्र दोन्ही बाजूंना ताणून बसवतात किंवा कडेचा भाग आरशासारखा उलटा जोडून भिंत भरून काढतात. तसे काही करू देऊ नका. वृंदावन आडवे फुगलेले दिसेल आणि रोज डोळ्यांत खुपेल.

माझ्या मते संपूर्ण भिंत झाकण्याचा हट्टच सोडावा. सोफ्याच्या वर ६ फूट उंची शिल्लक राहते. तिथे ६ फूट बाय ६ फुटांचा चौरस पूर्ण, न कापता बसतो, आणि उरलेल्या भिंतीला छायाचित्रातल्याच एखाद्या मधल्या करड्या छटेचा रंग दिला तर ती मोकळी जागा राहून गेल्यासारखी वाटत नाही. छायाचित्र मोठे करताना लोक भिंतीचे माप आधी घेतात आणि चित्रात काय कुठे आहे ते मागाहून पाहतात. क्रम उलटा हवा. तुमच्या छायाचित्रात माणूस लहान आणि जागा मोठी आहे, म्हणून ते भिंतीवर शोभेल. केवळ चेहऱ्याचा फोटो ९ फुटांचा केला असता तर मीच तुम्हाला परावृत्त केले असते, कारण माणसाच्या डोक्याहून कितीतरी मोठ्या चेहऱ्यासमोर बसून रोज चहा पिणे फार जणांना जमत नाही.

आता कशावर छापायचे ते पाहू. फ्लेक्स हे बाहेरच्या फलकांचे कापड आहे. ते जड असते, चमकते, त्याला वास येतो आणि ते भिंतीवर चिकटवण्यासाठी बनलेले नसते. व्हिनाइल, म्हणजे मागे गोंद असलेले प्लास्टिकचे पातळ आवरण, हे काच, लाकूड किंवा पत्रा अशा गुळगुळीत पृष्ठभागावर उत्तम बसते, पण घराच्या भिंतीवर त्याचा भरवसा भिंतीवरच्या रंगाइतकाच असतो. खाली जुने डिस्टेंपर असेल तर व्हिनाइल त्याच्यासकट सुटून येते, आणि भिंतीत ओल असेल तर ती आतच कोंडून फुगे धरतात. घरातल्या कोरड्या भिंतीसाठी मी नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता एकत्र दाबलेल्या तंतूंचा, वॉलपेपर सुचवीन. तो ओला झाला तरी पसरत नाही, खळ कागदाऐवजी भिंतीला लावून पट्टे बसवता येतात, त्यामुळे जोड जुळवायला सोपे जातात, आणि पुढे कधी काढायचा झाला तर बहुधा सलग निघतो. शाई लेटेक्स किंवा यूव्ही प्रकारची घ्या. सॉल्व्हेंट शाईचा वास बंद खोलीत बरेच दिवस रेंगाळतो. पृष्ठभाग मॅटच हवा.

कृष्णधवल चित्राची छपाई रंगीत चित्राहून अवघड असते, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. चार रंगांच्या यंत्रावर शुद्ध करडा रंग किंचित हिरवट किंवा गुलाबीकडे झुकतो आणि ट्यूबलाइटमध्ये एक, पिवळ्या दिव्यात दुसरा दिसतो. म्हणून चित्राला मुद्दाम हलकी तपकिरी झाक द्यावी म्हणजे हा दोष जाणवत नाही. सगळे पट्टे एकाच रोलवर, एकाच बैठकीत छापून घ्यावेत. एक पट्टा बिघडला म्हणून तो चार दिवसांनी वेगळ्या रोलवर छापला तर त्याची छटा शेजारच्या पट्ट्याशी जुळेलच असे नाही.

छपाईआधी दोन गोष्टी आवर्जून करा. भिंतीवर मास्किंग टेपने ६ फुटांची चौकट आखून काही दिवस तशीच राहू द्या. माप मोठे वाटते की लहान, हे येता-जाता आपोआप कळते. मग आजीचा चेहरा आणि सूप येईल एवढा २ फुटांचा तुकडा प्रत्यक्ष मापात, प्रत्यक्ष कागदावर छापून घ्या आणि त्याच जागी टेपने लावून सकाळच्या उजेडात व रात्रीच्या दिव्यात पाहा. मोबाइलवर पाठवलेल्या नमुन्यावरून भिंतीच्या छपाईला होकार देण्यात काही अर्थ नाही. दर चौरस फुटाचा असतो, पण कागद, शाई, पुट्टी-प्रायमर आणि चिकटवण्याची मजुरी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. नाहीतर भिंतीची तयारी कोणाच्याच वाट्याला येत नाही.

कुलरबद्दल विचारलेत ते योग्यच केलेत. खिडकीतल्या कुलरच्या आसपासची भिंत ओलावा धरते, तिला लोणा लागतो आणि पुट्टीचे पापुद्रे सुटतात. चित्राच्या जागी प्लास्टिकचा दीड-दोन फुटांचा तुकडा चारही कडांना टेप लावून एक-दोन दिवस घट्ट चिकटवून ठेवा. काढताना आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येत आहे आणि आधी तिचा बंदोबस्त करायला हवा. काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत, म्हणजे कुलर खिडकीत बसायच्या आधी, पूर्ण करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की खळ कागद बसायच्या आधीच सुकते आणि कडा उचलल्या जातात.

पिक्सेलप्रेमी

कृत्रिम बुद्धिमत्तेवर इतका राग धरण्याचे कारण मला समजत नाही. आजची सॉफ्टवेअर जुन्या छायाचित्रांतले ओरखडे, डाग आणि पुसटपणा काही मिनिटांत दूर करतात. हेच काम हाताने करायला पूर्वी आठवडा लागत असे. चेहरा पटला नाही तर वेगळ्या सेटिंगवर पुन्हा करून पाहावा. शेवटी भिंतीवरचे चित्र पाहुण्यांना स्वच्छ दिसणे महत्त्वाचे आहे आणि ८ फुटांवरून आजीच्या सुरकुत्या मोजायला कोणी जाणार नाही.

डार्करूम

पिक्सेलप्रेमी, राग यंत्रावर नाही, कामाच्या वाटणीवर आहे. आकडेच पाहा. आजीची आकृती चौकटीच्या पाचव्या भागाएवढी, म्हणजे ५६ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर सुमारे ११ मिलिमीटर. बसलेल्या माणसाच्या आकृतीत डोके साधारण चौथ्या हिश्श्याचे धरले तर निगेटिव्हवर आजीचे डोके ३ मिलिमीटरही भरत नाही. गव्हाचा अर्धा दाणा म्हणा ना. एवढ्याशा जागेत साध्या भिंगाने डोळ्यांची खाच, नाकाची सावली आणि कपाळावरचे कुंकू एवढे टिपले असेल. पापण्या आणि सुरकुत्या टिपलेल्या नसणारच. सॉफ्टवेअरला त्या दाखवायच्या असतील तर त्याने पाहिलेल्या लाखो इतर चेहऱ्यांवरून त्या रचाव्या लागतात. सेटिंग बदलले तर दुसरी रचना येईल, आजी येणार नाही. नागपूरकन्येला आणि तिच्या भावाला जे जाणवले ते डोळ्यांचा भ्रम नव्हता. आणि हे चित्र पाहुण्यांसाठी लागत आहे, असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही.

धूळ, ओरखडे, बुरशीचे ठिपके, आकाशातले डाग यांसाठी ही साधने जरूर वापरावीत, मीही वापरतो. त्यासाठी चेहरा, हात आणि सूप यांभोवती मास्क आखून तेवढा भाग सॉफ्टवेअरच्या हाती लागू द्यायचा नाही. तिथले डाग क्लोन करून, म्हणजे शेजारचा स्वच्छ भाग त्यांवर उतरवून, हातानेच काढायचे. पिक्सेल कमी पडत असतील तर त्या भागात साधी बायक्यूबिक वाढ, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांवरूनच मधले पिक्सेल काढणारी पद्धत, पुरते. तिच्यात चित्र मऊ होते, पण कोणतीही नवी रेषा जन्माला येत नाही. मग गुळगुळीत झालेला भाग आणि मूळ भाग यांतला फरक झाकण्यासाठी सगळ्या चित्रावर एकसारखा बारीक रवा टाकायचा, म्हणजे फिल्मच्या कणांसारखा पोत. भिंतीवर पिक्सेलची चौकट डोळ्याला टोचते, पण रवा टोचत नाही. उलट जुन्या छायाचित्रात तो नसला तरच चुकल्यासारखे वाटते.

आणि मऊ चेहऱ्याची एवढी धास्ती घेऊ नका. ८ फुटांवरून माणूस ओळखला जातो तो बसण्याच्या ढबीवरून, मानेच्या कलावरून, पदर घेण्याच्या पद्धतीवरून. हे सारे ११ मिलिमीटरमध्ये व्यवस्थित उतरलेले असते.

ब्रशवाला

विषयाला थोडी बगल देऊन एक वेगळा पर्याय मांडतो. छपाईच करायला हवी असे नाही. छायाचित्रावरून भिंतीवर चित्र रंगवूनही घेता येते. आपल्याकडे शासकीय चित्रकला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले कितीतरी कलावंत भिंतीवर काम करतात. त्यांना ३६ किंवा ४८ पिक्सेलची पंचाईत पडत नाही, कारण छायाचित्रात नसलेला तपशील त्यांनी भरला तर तो चित्रकाराचा हात म्हणूनच ओळखला जातो. त्याला कोणी पुरावा समजत नाही.

पद्धत जुनीच आहे. छायाचित्राच्या मोठ्या प्रतीवर समान चौकटी आखायच्या, भिंतीवर सूत मारून तेवढ्याच फूटभराच्या चौकटी पाडायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचे. प्रोजेक्टरने काम लवकर होते, पण तो भिंतीला अगदी काटकोनात ठेवला नाही तर वृंदावन वर निमुळते होते, म्हणून सरावलेले चित्रकार प्रोजेक्टर वापरला तरी चार कोपरे सुताने तपासतात. करड्या रंगाच्या पाच-सहा छटा आधीच डब्यांत कालवून ठेवल्या की शेवटच्या दिवसापर्यंत एकसारखेपणा राहतो. आतल्या भिंतीला अ‍ॅक्रिलिक इमल्शन पुरते. जोड नाहीत, चमक नाही आणि एखाद्या कोपऱ्यात पोपडा निघाला तर तेवढाच कोपरा पुन्हा रंगवता येतो. मात्र ओलसर भिंतीवर रंगही टिकत नाही, हे आधीच सांगतो, आणि चित्रकार निवडताना त्याने रंगवलेली देवळे, निसर्गदृश्ये पाहून ठरवू नका, त्याने रंगवलेली माणसे पाहा.

नागपूरकन्या

सर्वांचे मनापासून आभार. व्हिनेगरच्या वासाची पाकिटे वेगळी केली आहेत. सुदैवाने चौकाची निगेटिव्ह त्यांत नव्हती. ती २,४०० डीपीआयवर स्कॅन करून घेतली. आजी तळाशी असली तरी बरीचशी मध्याकडे आहे आणि तिच्या डाव्या हातातल्या पाटल्या दिसतात, ज्या अल्बममधल्या प्रतीत कधी दिसल्याच नव्हत्या. आईने स्क्रीनवर पाहून त्या लगेच ओळखल्या.

ब्रशवाला दादांचा पर्याय भावाला फार आवडला, परंतु आईला आजोबांनी टिपलेलेच चित्र हवे आहे, म्हणून छपाईच करणार आहोत. सोफ्याचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. आता आणखी एक विचार पुढे आला आहे. जेवणाच्या टेबलाजवळची भिंत १० फूट रुंद असून तिला टेकून काहीच सामान नाही, आणि खुर्चीत बसणाऱ्यापासून ती ६ फुटांवर येते. तिथे आजी पूर्ण दिसेल. अडचण एवढीच की ती पश्चिमेची बाहेरची भिंत आहे आणि कुलरची खिडकी तिच्यातच आहे, डाव्या टोकाला. प्लास्टिकच्या चाचणीत खिडकीच्या बाजूला थेंब दिसले, उजवीकडे दिसले नाहीत. तिथे करावे की सोफ्यावरच्या जागीच समाधान मानावे?

भिंत आणि प्रकाश

जेवणाच्या टेबलाजवळ करा, पण भिंतीवर थेट चिकटवू नका. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, रात्री निवते आणि एका टोकाला ओलही धरते. अशा भिंतीवर चांगल्यातला चांगला वॉलपेपरही दोन उन्हाळ्यांत कडा सोडतो.

इथे चित्र भिंतीपासून सुटे ठेवावे लागेल. मॅट व्हिनाइलवर छापून, त्यावर मॅट लॅमिनेशन करून, ते एसीपी शीटवर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या फळीवर, चढवून घ्या. व्हिनाइलबद्दल मी आधी नाराजी दाखवली होती ती भिंतीवर लावण्यापुरती; एसीपीच्या गुळगुळीत पत्र्यावर ते अगदी नीट बसते. सनबोर्ड, म्हणजे फोमची फळी, स्वस्त पडतो आणि वजनाला हलका असतो, पण ६ फुटांच्या मापाला तापलेल्या भिंतीसमोर तो वाकण्याची भीती असते. शीटच्या मागे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची चौकट करून ती भिंतीपासून इंचभर पुढे ठेवावी, म्हणजे मागून हवा खेळती राहते आणि भिंतीतली ओल चित्रापर्यंत पोहोचत नाही. चौकट खिडकीपासून जितकी उजवीकडे सरकवता येईल तितकी सरकवा. कुलरच्या पाण्याची नळी आणि टाकीची गळती आधी पाहून घ्या. बऱ्याच घरांत ओल भिंतीची नसते, नळीच्या सैल क्लिपमधून ठिबकत असते.

उंचीचे म्हणाल तर चित्राचा तळ जमिनीपासून २ फुटांवर घ्या, म्हणजे चौरसाचा मध्य ५ फुटांवर, उभ्या माणसाच्या नजरेच्या आसपास येतो आणि खुर्चीत बसलेल्याला आजी थेट समोर दिसते. ६ फुटांच्या चौरसावर तुमच्या स्कॅनचे दर इंचाला ७३ पिक्सेल पडतात, तेव्हा ६ फुटांवरून चित्र सलग दिसेल आणि पाटल्या पाहायला कोणी दोन पावले पुढे गेले तरी निभावेल. वरून भिंतीलगत खाली प्रकाश टाकणारा दिवा मात्र लावू नका, त्यात पृष्ठभागाचा बारीकसा उंचवटाही उठून दिसतो. छताला, चित्रापासून तीनेक फूट अलीकडे दिवा लावून तो चित्रावर तिरपा सोडा. पश्चिमेच्या भिंतीला आतून थेट ऊन लागत नाही, पण समोर पूर्वेची खिडकी असेल तर तिला पडदा हवा, नाहीतर सकाळचे ऊन छपाईवर पडून रंग फिका होत जातो.

शेवटचा मुद्दा जोडाचा. एसीपी शीट बाजारात सहसा ८ फूट बाय ४ फुटांची मिळते, म्हणून ६ फुटांच्या चौरसात एक उभा जोड येणारच. दुकानात दोन सारखे तुकडे करून जोड मधोमध घेतील आणि तो नेमका वृंदावनावरून जाईल. त्याऐवजी डावीकडे ४ फुटांचा आणि उजवीकडे २ फुटांचा तुकडा घ्यायला सांगा. तुमच्या वर्णनावरून जोड वृंदावन आणि रहाट यांच्यामधल्या मोकळ्या जागेत पडेल असे वाटते; तरी छापायला देण्याआधी फाइलवर ४ फुटांच्या ठिकाणी एक रेघ ओढून पाहा, आणि ती आजीच्या सुपावरून जात असेल तर तुकड्यांची अदलाबदल करा.